जोगू रामन्ना : जैनथच्या खेड्यातून वनमंत्रिपदापर्यंत

तेलंगणा राज्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात वन व पर्यावरण खाते सांभाळणारे जोगू रामन्ना हे आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ मंडलाचे. दीपायगुडा या खेड्यात ४ जुलै १९६३ रोजी त्यांचा जन्म झाला. तेलुगू देसम पक्षाचे गावपातळीवरील कार्यकर्ते म्हणून १९८४ मध्ये त्यांनी राजकारणात प्रवेश केला. पुढे २००९, २०१२, २०१४ आणि २०१८ अशा चार वेळा ते आदिलाबाद मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले आणि २०१४ ते २०१८ या काळात मंत्री होते. २०२३ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या, तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीही बोलल्या जाणाऱ्या या टापूतील नेत्याची ही वाटचाल तेलंगणाच्या निर्मितीशी आणि नव्या राज्याने दिलेल्या आश्वासनांशी निगडित आहे.

पैनगंगेकाठचे मंडल

जैनथ हे गाव आदिलाबाद शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा सोडल्यानंतर पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगणात शिरतो. नदीच्या उत्तरेस यवतमाळ जिल्हा आणि दक्षिणेस आदिलाबाद. दोन्ही काठांवर काळी कसदार जमीन असून कापूस हे मुख्य पीक आहे. नातीगोती, बाजारहाट आणि सणवार यांच्या निमित्ताने नदीच्या दोन्ही बाजूंची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

जैनथची ओळख तेथील लक्ष्मीनारायण स्वामींच्या प्राचीन मंदिरामुळे आहे. वर्षातील ठरावीक दिवसांत सकाळचे सूर्यकिरण थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात आणि ते पाहण्यासाठी दोन्ही राज्यांतील भाविक येतात. परमार घराण्यातील जगद्देव या राजपुत्राच्या काळातील शिलालेखही येथे आहे. जगद्देवाच्या सेवेतील लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याच्या पत्नीने, पद्मावतीने, देवालय बांधल्याची नोंद त्यात आढळते. याच जगद्देवाच्या काळातील दुसरा लेख पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे आहे. आज दोन राज्यांत विभागलेला हा प्रदेश एकेकाळी एकाच सत्तेच्या छायेत होता, याची साक्ष हे दोन लेख देतात.

आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल भाग मुंबई राज्याकडे गेले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. जैनथसह उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सीमारेषा आखली गेली, तरी भाषा तिच्या दोन्ही बाजूंना उरल्या. विलीनीकरणाच्या प्रश्नावर १९६७ मध्ये जनमत कौल अनुभवलेल्या गोव्यातील वाचकांना सीमेवरच्या समाजाची ही स्थिती सहज समजण्यासारखी आहे. आदिलाबादच्या सीमाभागात आजही मराठी ही अनेकांच्या घरातली भाषा आहे आणि मतांसाठी फिरणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला या मतदारांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गाव, मंडल आणि जिल्हा परिषद

रामन्ना यांच्या राजकीय घडणीचा काळ आंध्रातील मोठ्या उलथापालथीचा होता. चित्रपट अभिनेते एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्षाची स्थापना केली आणि अवघ्या नऊ-दहा महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, काँग्रेसची दीर्घकाळची सत्ता संपुष्टात आणली. जुन्या जमीनदार घराण्यांच्या वर्चस्वाबाहेरचे, विशेषतः मागासवर्गीय समाजातील तरुण या नव्या पक्षाकडे मोठ्या संख्येने वळले. मुन्नूरु कापू या शेतकरी समाजातून आलेले रामन्ना त्यांपैकीच एक होते. तेलंगणात या समाजाचा समावेश मागासवर्गीयांच्या यादीत आहे.

रामाराव सरकारने ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तालुक्यांची जुनी रचना मोडून मंडल ही लहान प्रशासकीय एकके निर्माण केली. तालुक्याचे ठिकाण अनेक खेड्यांसाठी दूर होते, मंडलाचे ठिकाण जवळ आले. या बदलाचा राजकीय परिणाम प्रशासकीय परिणामाहून मोठा होता. प्रत्येक मंडलाला निवडून आलेली परिषद आणि अध्यक्ष मिळाल्याने नेतृत्वाची एक संपूर्ण नवी फळी उभी राहिली. ज्याच्या घराण्याचे नाव जिल्ह्यात कोणाला माहीत नाही, असा कार्यकर्ताही आपल्या मंडलातील वीस-पंचवीस गावांत ओळख निर्माण करून पुढे जाऊ शकत होता.

रामन्ना याच वाटेने आले. गावातील काम, जैनथ मंडल परिषद आणि त्यानंतर जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत त्यांनी आपला जम बसवला. १९८४ मधील पक्षप्रवेश आणि २००९ मधील आमदारकी यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची खोली, कापसाचा भाव आणि पीककर्ज या विषयांभोवती फिरणारे स्थानिक राजकारण हाच या काळातील त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढील काळात मतदारसंघावर त्यांची जी पकड राहिली, तिची मुळे या दीर्घ उमेदवारीत आहेत.

विधानसभा आणि राजीनामा

२००९ मध्ये तेलुगू देसमच्या तिकिटावर रामन्ना आदिलाबादमधून प्रथम विधानसभेत गेले. हा सर्वसाधारण मतदारसंघ असून त्यात दोन लाखांहून अधिक मतदार आहेत. चाळीस मतदारसंघांच्या गोव्यात एका आमदारामागे साधारण पंचवीस-तीस हजार मतदार असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आदिलाबादच्या आमदाराच्या कार्यक्षेत्राचा आवाका ध्यानात येतो. शहरातील कापूस बाजार, सीमेलगतची मराठीभाषक गावे, तेलुगू शेतकऱ्यांची खेडी आणि आदिवासी पाडे हे सर्व या एकाच मतदारसंघात येतात.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र तेलंगणाचा प्रश्न पेटला. ९ डिसेंबर २००९ रोजी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केंद्राने केली आणि दोन आठवड्यांतच सर्व पक्षांशी चर्चा करण्याचे कारण देत पाऊल मागे घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समिती नेमली गेली. तेलंगणातील तेलुगू देसमच्या आमदारांची या काळात कोंडी झाली. पक्षाचे नेतृत्व आंध्र आणि तेलंगणा या दोन्ही भागांत जनाधार राखू पाहत होते, तर तेलंगणातील मतदारांना स्पष्ट उत्तर हवे होते.

रामन्ना यांनी २०११ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन के. चंद्रशेखर राव यांच्या तेलंगणा राष्ट्र समितीत प्रवेश केला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सरकारी कर्मचारी, शिक्षक आणि कामगार यांनी केलेला ‘सकल जनुल सम्मे’ हा सार्वत्रिक संप चाळीसहून अधिक दिवस चालला. या वातावरणात मार्च २०१२ मध्ये आदिलाबादसह सात मतदारसंघांत पोटनिवडणुका झाल्या, त्यांपैकी सहा तेलंगणातील होत्या. रामन्ना नव्या पक्षातर्फे पुन्हा निवडून आले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्या पक्षात घालवला तो सोडून त्यांनी मतदारांचा कौल मागितला होता आणि तो त्यांना मिळाला. पक्षांतर करून पद टिकवून ठेवणाऱ्यांच्या काळात राजीनामा देऊन पुन्हा निवडणुकीस सामोरे जाण्याला राज्यनिर्मितीच्या आंदोलनात विशेष प्रतिष्ठा होती. रामन्ना यांच्या पुढील राजकारणाला या निर्णयाने बळ दिले.

पहिले मंत्रिमंडळ

फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने राज्य पुनर्रचना विधेयक मंजूर केले. ३० एप्रिल रोजी तेलंगणात मतदान झाले आणि ११९ पैकी ६३ जागा जिंकून तेलंगणा राष्ट्र समितीने स्पष्ट बहुमत मिळवले. अविभाजित आदिलाबाद जिल्ह्यातील दहापैकी सात जागा या पक्षाला मिळाल्या. रामन्ना यांनी आदिलाबादची जागा राखली.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा हे देशाचे एकोणतिसावे राज्य अस्तित्वात आले. त्याच दिवशी मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांच्यासह अकरा मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्यात रामन्ना यांचा समावेश होता. त्यांच्याकडे वन व पर्यावरण खाते आले आणि पुढे मागासवर्ग कल्याण खातेही सोपवण्यात आले. डिसेंबर २०१४ च्या विस्तारात निर्मलचे अल्लोला इंद्रकरण रेड्डी मंत्री झाल्याने आदिलाबाद जिल्ह्याला दोन मंत्री लाभले. हैदराबादपासून तीनशे किलोमीटर दूर असलेल्या आणि विकासाच्या सर्व याद्यांत तळाशी राहिलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती.

मंत्रिपदाचे हे महत्त्व संख्येतूनही स्पष्ट होते. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे बंधन २००३ मधील ९१ व्या घटनादुरुस्तीने घातले. लहान राज्यांना किमान बारा मंत्र्यांची मुभा असल्याने गोव्यात चाळीस आमदारांमागे बारा मंत्री होऊ शकतात. तेलंगणात ११९ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त अठरा. गोव्यात सुमारे तीन आमदारांमागे एक मंत्री, तर तेलंगणात सहा-सात आमदारांमागे एक. जिल्हा, जात आणि ज्येष्ठता यांचा मेळ घालताना तेथील मुख्यमंत्र्यांना अनेकांना वगळावे लागते. रामन्ना यांना पुढे याच गणिताचा फटका बसला.

हरितहारम

वनमंत्री म्हणून रामन्ना यांच्या कार्यकाळातील सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे ‘तेलंगणाकु हरितहारम’, म्हणजे तेलंगणाला हिरवा हार. ३ जुलै २०१५ रोजी हैदराबादजवळील चिलकूर येथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. राज्याच्या भूभागातील वनाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांपर्यंत नेणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी २३० कोटी रोपांचे लक्ष्य ठरवण्यात आले. त्यांपैकी १३० कोटी वनक्षेत्राबाहेर, तर १०० कोटी वनक्षेत्राच्या आत लावणे किंवा पुनरुज्जीवित करणे अपेक्षित होते.

एवढी रोपे वनखाते एकट्याने लावू शकत नाही. त्यामुळे ग्रामपंचायती, शाळा, पोलीस, महसूल आणि रोजगार हमी यंत्रणा या कामात ओढल्या गेल्या. गावोगावी रोपवाटिका उभ्या राहिल्या आणि रस्त्यांच्या दुतर्फा झाडांच्या रांगा दिसू लागल्या. लावलेल्यांपैकी किती रोपे जगतात हा या मोहिमेवरचा सर्वांत कठीण प्रश्न होता. २०१८ च्या पंचायत राज कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला रोपवाटिका बंधनकारक करून लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगवण्याची जबाबदारी सरपंच आणि ग्रामसचिव यांच्यावर टाकण्यात आली. त्या प्रश्नाला सरकारने दिलेले हे उत्तर होते.

त्याच काळात पैनगंगेच्या पलीकडेही असाच प्रयोग चालू होता. चंद्रपूर जिल्ह्यातील नेते सुधीर मुनगंटीवार हे महाराष्ट्राचे वनमंत्री होते आणि २०१६ पासून त्यांनी राज्यात कोट्यवधी वृक्षलागवडीची मोहीम हाती घेतली होती. एकमेकांना लागून असलेल्या दोन वनसमृद्ध प्रदेशांतील दोन नेते शेजारच्या दोन राज्यांचे वनमंत्री होते आणि दोघांच्याही कारकिर्दीची ओळख वृक्षारोपण हीच ठरली. दोन्हीकडे आक्षेपही सारखेच घेतले गेले. रोपांची संख्या मोजणे सोपे असते, पण नैसर्गिक जंगलाची गुणवत्ता अशा मोजणीत येत नाही, हे अभ्यासकांचे म्हणणे दोन्ही राज्यांत ऐकू आले.

वाघांना राज्यांची सीमा ठाऊक नसते, हेही याच पट्ट्यात वारंवार दिसून आले. आदिलाबाद प्रदेशातील कव्वाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला होता. महाराष्ट्रातील ताडोबा आणि पांढरकवड्याजवळील टिपेश्वर येथील वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात दक्षिणेकडे उतरतात. पैनगंगा ओलांडून ते जैनथ आणि आसपासच्या मंडलांतील कापसाच्या शेतांत दिसू लागले. त्यामुळे व्याघ्रसंवर्धनाचे यश आणि शेतमजुरांच्या मनातील धास्ती या दोन्ही गोष्टी वनमंत्र्यांच्या स्वतःच्या परिसरात एकाच वेळी नांदत होत्या.

पोडू जमिनीचा प्रश्न

वनमंत्रिपदाची खरी कसोटी मात्र वेगळीच होती. गोंड, कोलाम, परधान आणि नायकपोड या आदिवासी समाजांचा आदिलाबाद हा मूळ प्रदेश. जंगलातील जमीन साफ करून कसण्याच्या तेथील पद्धतीला तेलुगूत ‘पोडू’ म्हणतात. गोव्यातील डोंगरउतारांवरची कुमेरी शेती ही तिचीच बहीण म्हणता येईल. पूर्वी ही शेती फिरती होती, कालांतराने लोक ठरावीक जमिनीवर स्थिरावले. वनखात्याच्या दप्तरी ती जमीन राखीव वन, तर कसणाऱ्याच्या लेखी ती वाडवडिलांची शेती. जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी याच प्रदेशात कोमाराम भीम यांनी निजामाविरुद्ध लढा दिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते धारातीर्थी पडले. त्यामुळे आदिलाबादमध्ये वनजमिनीचा प्रश्न केवळ महसुली नोंदींचा राहत नाही.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला, तरी अनेक दावे प्रलंबित किंवा फेटाळलेले होते. अशा स्थितीत हरितहारमसाठी वनखात्याने वनजमिनीवर रोपे लावण्यास सुरुवात केली, तेव्हा काही ठिकाणी तीच जमीन कसणारी कुटुंबे समोर उभी राहिली. वनक्षेत्र वाढवणे हे मंत्र्यांचे सरकारी उद्दिष्ट होते आणि त्या जमिनीवर पोट असलेली माणसे त्यांच्याच जिल्ह्यातील मतदार होती. एका बाजूला ३३ टक्क्यांचे लक्ष्य आणि दुसऱ्या बाजूला कायद्याने मान्य केलेला पण कागदावर न उतरलेला हक्क, अशा पेचात वनखाते सापडले. हा पेच त्यांच्या कार्यकाळात सुटला नाही. त्यांच्यानंतरही संघर्षाच्या घटना घडत राहिल्या. अखेर जून २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, सुमारे चार लाख एकर पोडू जमिनीच्या पट्ट्यांचे वाटप राज्य सरकारने आसिफाबाद येथून सुरू केले.

२०१७ च्या अखेरीस आणखी एक तणाव उफाळला. लंबाडा समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी करत गोंड आणि अन्य आदिवासींनी आंदोलन छेडले. उटनूर परिसरात हिंसाचार झाला. शिक्षण, नोकऱ्या आणि जमीन यांतील वाट्याचा हा वाद होता. आदिलाबादच्या राजकारणाचे जुने हिशेब त्यामुळे बदलले आणि जिल्ह्यातील सत्ताधारी पक्षाच्या सर्वच नेत्यांना त्याची झळ पोहोचली.

मागासवर्ग कल्याण आणि फुल्यांचे नाव

मागासवर्ग कल्याण खात्यातील काम तुलनेने कमी चर्चेत राहिले, पण त्याचा परिणाम घराघरांत पोहोचला. जून २०१७ मध्ये राज्यात मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ११९ नव्या निवासी शाळा सुरू झाल्या. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एक, असे त्यांचे सूत्र होते. या शाळा चालवणाऱ्या संस्थेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी मागासवर्गीय विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या अर्थसाहाय्याच्या योजनेलाही फुल्यांचेच नाव दिलेले आहे. पुण्यात एकोणिसाव्या शतकात शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मराठी समाजसुधारकाचे नाव तेलुगू मुलांच्या शाळांच्या फलकांवर झळकले.

मुलींच्या लग्नासाठी साहाय्य देणाऱ्या ‘कल्याण लक्ष्मी’ योजनेचा लाभ २०१६ पासून मागासवर्गीय कुटुंबांनाही मिळू लागला. आरंभी ५१ हजार रुपये असलेली रक्कम २०१८ पर्यंत १ लाख ११६ रुपयांवर गेली. अतिमागास जातींसाठी स्वतंत्र महामंडळही २०१७ मध्ये स्थापन झाले. या योजनांचे श्रेय साहजिकच मुख्यमंत्र्यांकडे गेले. खातेप्रमुख या नात्याने त्यांची अंमलबजावणी रामन्ना यांच्याकडे होती आणि मागासवर्गीय समाजातून आलेल्या, मंडल पातळीवरून वर चढलेल्या मंत्र्याकडे हे खाते असणे राजकीयदृष्ट्याही सूचक होते.

पैनगंगेचे पाणी

सीमाभागासाठी सर्वांत जिव्हाळ्याचा विषय होता पाण्याचा. पैनगंगेच्या काठावर असूनही जैनथ, बेला आणि आदिलाबाद परिसरातील बहुतेक कापूस पावसावर अवलंबून होता. निम्न पैनगंगा प्रकल्पाची चर्चा दोन राज्यांत अनेक दशके चालू होती. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि तेलंगणाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत गोदावरी खोऱ्यातील तीन बंधाऱ्यांबाबत करार झाला. त्यांपैकी एक पैनगंगेवरील चनाका-कोराटा बंधारा. यातील कोराटा हे गाव आदिलाबादच्या बाजूला, जैनथ परिसरात आहे. या योजनेतून आदिलाबाद जिल्ह्यातील सुमारे पन्नास हजार एकर जमिनीला पाणी मिळावे, अशी योजना होती.

म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्ये लवादापुढे आणि न्यायालयात उभी असल्याचे पाहणाऱ्या गोमंतकीयांना वाटाघाटींतून झालेला हा करार उल्लेखनीय वाटेल. मात्र करार झाला म्हणून शेतात पाणी आले नाही. बंधाऱ्याच्या बांधकामानंतरही पंपगृहे, कालवे, भूसंपादन आणि पर्यावरणीय परवानग्या यांत वर्षे गेली. जलसंपदा खाते रामन्ना यांच्याकडे नव्हते, पण स्थानिक मंत्री या नात्याने अपेक्षा त्यांच्याकडूनच होती. प्रत्येक निवडणुकीत हा प्रकल्प आश्वासनांच्या यादीत राहिला आणि विरोधकांच्या टीकेतही.

११ ऑक्टोबर २०१६ रोजी राज्यातील जिल्ह्यांची पुनर्रचना होऊन अविभाजित आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमाराम भीम आसिफाबाद. जिल्हा कार्यालये लोकांच्या जवळ आली. त्याबरोबर कोळसा खाणींचा औद्योगिक पट्टा आणि गोदावरीकाठचा सुपीक भाग वेगळा झाला. उरलेला आदिलाबाद आकाराने आणि महसुलाने लहान झाला.

मंत्रिपदाविना

सप्टेंबर २०१८ मध्ये विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित करण्यात आली. डिसेंबरमध्ये झालेल्या निवडणुकीत तेलंगणा राष्ट्र समितीने ८८ जागा जिंकल्या आणि रामन्ना भारतीय जनता पक्षाचे पायल शंकर यांचा पराभव करून चौथ्यांदा विधानसभेत पोहोचले. या वेळी मात्र मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी दहा मंत्र्यांचा शपथविधी झाला. आदिलाबादच्या जुन्या जिल्ह्यातून इंद्रकरण रेड्डी यांना संधी मिळाली आणि वनखातेही त्यांच्याकडेच गेले. ८ सप्टेंबर २०१९ रोजी आणखी सहा मंत्री घेण्यात आले आणि अठराची मर्यादा पूर्ण झाली. करीमनगरचे गंगुला कमलाकर मागासवर्ग कल्याण मंत्री झाले. रामन्ना यांची नाराजी त्या वेळी लपून राहिली नाही.

तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांचे पुत्र जोगू प्रेमेंदर आदिलाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०२२ मध्ये पक्षाच्या जिल्हाध्यक्षपदी रामन्ना यांची नियुक्ती झाली. तळातून उभारलेले नेतृत्व घराण्याच्या नेतृत्वात रूपांतरित होत असल्याची टीका विरोधकांनी केली, तर समर्थकांना त्यात जनाधाराची खूण दिसली.

२०२३ चा पराभव

या काळात मतदारसंघातील वारे बदलत होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आदिलाबादची राखीव जागा भारतीय जनता पक्षाचे सोयम बापूराव यांनी जिंकली होती. आदिवासी आंदोलनातून पुढे आलेले हे नेतृत्व होते. विधानसभेत पायल शंकर पराभवानंतरही मतदारसंघ न सोडता काम करत राहिले.

तोवर भारत राष्ट्र समिती असे नाव घेतलेल्या पक्षाने २०२३ मध्ये रामन्ना यांना पुन्हा उमेदवारी दिली. ३ डिसेंबर रोजी निकाल लागला आणि पायल शंकर सहा हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. राज्यात काँग्रेसला ६४ जागा मिळून सत्तांतर झाले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील दहा जागांपैकी भारतीय जनता पक्षाने चार, काँग्रेसने चार आणि भारत राष्ट्र समितीने दोन जिंकल्या. मंत्री असलेले इंद्रकरण रेड्डीही निर्मलमध्ये पराभूत झाले. ज्या जिल्ह्याने २०१४ मध्ये या पक्षाला सात आमदार दिले होते, तेथील दोन्ही मंत्र्यांना मतदारांनी घरी बसवले.

या पराभवाला एकच कारण देता येत नाही. साडेनऊ वर्षांच्या सत्तेविषयीची नाराजी राज्यभर होती. आदिलाबादमध्ये तिला तिरंगी लढतीची आणि पाण्याविना राहिलेल्या शेतांची जोड मिळाली. एकाच नेत्याने चौदा वर्षे प्रतिनिधित्व केल्यावर येणारा साचलेपणाही होता. असे असूनही फरक तुलनेने कमी राहिला, हे मंडल पातळीपासून बांधलेल्या त्यांच्या संघटनेचे द्योतक आहे. पराभवानंतरही त्यांनी जिल्ह्यात पक्षाचे काम सुरू ठेवले.

मूल्यमापन

जोगू रामन्ना यांची कारकीर्द दोन पातळ्यांवर पाहावी लागते. जैनथसारख्या सीमेवरच्या मंडलातून, कोणत्याही राजघराण्याचा किंवा जमीनदारीचा आधार नसताना, एका मागासवर्गीय शेतकरी कुटुंबातील कार्यकर्ता राज्याच्या पहिल्या मंत्रिमंडळापर्यंत पोहोचला. विकेंद्रित स्थानिक स्वराज्य संस्था नसत्या, तर ही वाट इतकी मोकळी झाली नसती. मंडल पद्धतीचा आणि मागासवर्गीयांच्या राजकीय जागृतीचा लाभ कसा झाला, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसऱ्या पातळीवर, सीमाभागातील माणसाला मंत्रिपद मिळाल्याने सीमाभागाचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत, हेही याच कारकिर्दीतून दिसते. वनजमिनीचे पट्टे, पैनगंगेचे कालवे, वाघ आणि शेतकरी यांचे सहजीवन हे तिन्ही विषय त्यांच्या खात्याशी किंवा मतदारसंघाशी थेट जोडलेले होते. त्यांवरील निर्णय मात्र मुख्यमंत्र्यांचे कार्यालय, केंद्राच्या परवानग्या आणि शेजारच्या राज्याशी होणाऱ्या वाटाघाटी यांच्या हाती होते. मतदारांनी हिशेब मागितला तो आपल्या आमदाराकडेच. एका कार्यकाळात लावलेली झाडे दुसऱ्याच्या कार्यकाळात वाढतात आणि एकाने मान्य करून घेतलेले पाणी दुसऱ्याच्या काळात शेतात पोहोचते. जैनथच्या मतदारांनी २०२३ मध्ये आपला निर्णय दिला. पैनगंगेच्या पाण्याची आणि वनहक्काच्या कागदांची त्यांची मागणी आता नव्या प्रतिनिधींकडे गेली आहे.